नवख्या प्राध्यापकाच्या पाठीशी कोण? : पार्श्वभूमी

शाळेत शिकवायचे तर बी.एड. किंवा डी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट (अध्यापकांसाठीच्या राष्ट्रीय व राज्य पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. पुरते. नेटची सुरुवात 1989 मध्ये झाली. तिच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयी बहुपर्यायी प्रश्न असतात, पण उमेदवार फळ्यापाशी कसा उभा राहतो, मुलाच्या अडचणीच्या प्रश्नाला कसे उत्तर देतो, हे कुणी पाहत नाही. नेमणुकीचे पत्र हाती पडते आणि थोड्याच दिवसांत प्रथम वर्षाचा भरलेला वर्ग समोर येतो. बहुतेकजण आपल्या आवडत्या सरांची किंवा मॅडमची नक्कल करत पहिली दोन-तीन वर्षे काढतात. त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांची वर्षे मात्र पुन्हा येत नाहीत.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात एक वेगळी वाट होती. पेशवाईत श्रावणात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी कंपनी सरकारने हळूहळू शिक्षणाकडे वळवला आणि त्यातून पुढे ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. हुशार तरुणाने स्वतःचा अभ्यास चालू ठेवायचा आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ती व्यवस्था. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर दोघेही या वाटेने गेले. अध्यापन शिकवण्याची योजना म्हणून कुणी ती आखली नव्हती. पण शिकवण्याची जबाबदारी पूर्णपणे अंगावर येण्याआधी हात बसायला वेळ मिळे, आणि ज्यांच्याकडे स्वतः शिकायचे ते प्राध्यापक त्याच इमारतीत असत.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये भराभर वाढली आणि नव्या प्राध्यापकाचे काय करायचे हा प्रश्न थेट मांडला गेला तो शिक्षणासाठीच्या कोठारी आयोगात. 1964 मध्ये नेमलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. 1966 च्या अहवालात कनिष्ठ अधिव्याख्यात्यांविषयी काही थोडक्या शिफारशी आहेत. नव्याने आलेल्याला संस्थेत रुळायला वेळ द्यावा. चांगल्या शिक्षकांच्या तासांना जाऊन बसायला त्याला उत्तेजन द्यावे. प्रत्येक विद्यापीठात, जमेल तिथे प्रत्येक महाविद्यालयातही, उद्बोधन वर्ग नियमित भरवावेत. आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमचे ‘स्टाफ कॉलेज’ काढावे. माझ्या मते यातली दुसरी शिफारस सर्वांत मोलाची होती. तिला ना इमारत लागत होती, ना अनुदान. नेमकी तीच मागे पडली.

स्टाफ कॉलेजची कल्पना प्रत्यक्षात यायला दोन दशके गेली. मधल्या काळात प्राध्यापकांसाठी उन्हाळी शिबिरे झाली, एम.फिल.-पीएच.डी.साठी रजा आणि शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण त्यांचा भर विषयज्ञानावर होता. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतेच, हे गृहीतक कुणी फारसे तपासले नाही. प्रा. रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखालील उच्च शिक्षणातील शिक्षकांविषयीचा आयोग आणि त्यामागून आलेले 1986 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांनी प्रशिक्षणाचा प्रश्न पुन्हा वर आणला. पुढच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजची योजना सुरू केली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, गोवा या विद्यापीठांत ही केंद्रे उभी राहिली. देशभरातली त्यांची संख्या पुढे 66 झाली.

चार आठवड्यांचे ओरिएंटेशन (उद्बोधन वर्ग) आणि तीन आठवड्यांचा रिफ्रेशर (विषयाचा उजळणी वर्ग) हे शब्द त्यानंतर प्रत्येक प्राध्यापकाच्या तोंडी बसले. या वर्गांचे श्रेय नाकारता येणार नाही. तालुक्याच्या गावी एकट्याने विभाग सांभाळणारा प्राध्यापक इतर विषयांच्या लोकांबरोबर महिनाभर वसतिगृहात राहायचा, सहकाऱ्यांसमोर छोटा पाठ घ्यायचा आणि पुढे अडलेनडले विचारायला चार माणसे जोडून परतायचा.

घोटाळा झाला तो बढतीशी सांगड घालताना. ओरिएंटेशन-रिफ्रेशर वरिष्ठ श्रेणीची अट ठरली. सक्तीमुळे लोक आले हे खरे, पण केव्हा आले? कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल तयार करताना प्रमाणपत्र कमी पडते असे लक्षात आल्यावर. ज्या वर्गाचा खरा उपयोग नोकरीच्या पहिल्या महिन्यात, तो अनेकांच्या वाट्याला तीन-चार वर्षे उलटल्यावर आला. शिवाय महिना संपला की केंद्राचा संबंध संपला. परत गेलेला माणूस वर्गात वेगळे काही करतो आहे का, करताना अडतो आहे का, हे पाहणारे त्याच्या महाविद्यालयात कुणी नसे.

ब्रिटनमध्येही विद्यापीठातल्या शिकवण्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष होते. तिथे 1964 च्या हेल समितीने हा विषय मांडला, 1997 च्या डिअरिंग अहवालाने नव्या अधिव्याख्यात्यांच्या प्रशिक्षणाला रेटा दिला. त्यानंतर अनेक विद्यापीठांत नवीन माणसाला नोकरी करता करता अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, सोबत विभागातला एक मार्गदर्शक आणि एकमेकांच्या तासांचे निरीक्षण अशी रीत पडली. आपण केंद्र उभारले. त्यांनी विभागातले माणूसही जोडून दिले. मोठा फरक मला इथे दिसतो.

आपल्याकडे अलीकडे दिशा थोडी बदलली आहे. 2018 च्या यूजीसी विनियमांनी नव्या सहायक प्राध्यापकांसाठी एक महिन्याचा प्रवेशकालीन कार्यक्रम सांगितला, शक्यतो शिकवायला लागण्याआधी आणि उशिरात उशिरा वर्षभरात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय अभियान आहे. ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांनी, त्यातही भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांनी, तरुण सहकाऱ्यांना अल्प वा दीर्घ काळ साथ द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मराठीतून शिकवणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांना याची नितांत गरज आहे. 5 सप्टेंबर 2023 रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि देशात 111 केंद्रे त्याखाली आली. त्यांचे बरेचसे वर्ग आता ऑनलाइन होतात.

महाराष्ट्रात मात्र आज ‘नवा प्राध्यापक’ म्हणजे बहुतेकदा तासिका तत्त्वावरचा (सीएचबी), घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळणारा प्राध्यापक. कायम नेमणुकीची वाट पाहत तो वर्षानुवर्षे सीएचबीवर शिकवतो. नेमणूक होऊन प्रशिक्षणाला जाईपर्यंत त्याच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या गेलेल्या असतात. मध्येच प्रशिक्षणाला जायचे तर वर्ग सुटतात आणि त्या तासांचे मानधनही. दुसऱ्या बाजूला ज्येष्ठांचीही अडचण खरी आहे. 2018 च्या विनियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला 14 तास थेट अध्यापन ठरवून दिले आहे. नवख्याच्या तासाला जाऊन बसणे आणि नंतर त्याच्याशी बोलणे हे ‘थेट अध्यापन’ ठरत नाही. त्यामुळे हे काम आजही ज्याच्या त्याच्या आस्थेवर चालते. कार्यभारात त्याचे दोन तास धरले, तर एकमेकांचे तास पाहून शिकण्याची कोठारी आयोगाच्या शिफारशीमागची कल्पना एखाद्या विभागात पुढच्या सत्रापासूनही अमलात येऊ शकेल.