यूएसबी इंटरफेस अडॅप्टर स्वतःच्या सॉफ्टवेअरने चालवताना

वागळे इस्टेट, रबाळे आणि महापे येथील काही कारखान्यांत चाचणीची उपकरणे अजूनही जुन्या संगणकाच्या प्रिंटर पोर्टवरून चालतात आणि तो संगणक बंद पडला की आमच्याकडे यूएसबी अडॅप्टरची, म्हणजे यूएसबीवरून उपकरणाच्या पिन चालवणाऱ्या छोट्या जोडयंत्राची, मागणी येते. अडॅप्टर जोडणे सोपे आहे; जुना प्रोग्राम मात्र त्यावर जसाच्या तसा चालत नाही.

प्रिंटर पोर्टच्या ३७८ या हेक्स पत्त्यावर आकडा लिहिला की पिनवरची पातळी साधारण मायक्रोसेकंदात बदलत असे. यूएसबीमध्ये प्रत्येक आज्ञा ड्रायव्हरमधून जाऊन संगणकाच्या वेळापत्रकानुसार बाहेर पडते. फुल-स्पीड जोडणीत या वेळापत्रकाची एक चौकट १ मिलिसेकंदाची, तर हाय-स्पीडमध्ये १२५ मायक्रोसेकंदांची असते. म्हणून एकेक पिन सुट्या आज्ञेने वर-खाली करून स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) फिरवायला गेल्यास ती अडखळते आणि दोष मात्र अडॅप्टरच्या माथी येतो. अशा कामात वेळेचे भान चिपकडे सोपवावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. एसपीआय किंवा आयटूसी या चिपमधील संवादाच्या पद्धतींसाठी अडॅप्टरमधील एफटी२३२एच या चिपला आज्ञांचा गठ्ठा एकदम पाठवावा, म्हणजे क्लॉक (संवादाचा ताल ठरवणारा सिग्नल) ती स्वतः निर्माण करते. मोटरसाठी मधे मायक्रोकंट्रोलर ठेवून संगणकाने त्याला फक्त किती पावले पुढे जायचे ते सांगावे.

उत्तर वाचतानाही उशीर होऊ शकतो. एफटीडीआय (एफटी२३२एच बनवणारी कंपनी) च्या चिप थोडा डेटा लगेच न पाठवता लेटन्सी टायमर संपेपर्यंत धरून ठेवतात आणि ड्रायव्हरमध्ये तो मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रामसाठी तो २ मिलिसेकंदांवर आणल्यास फरक लगेच दिसतो.

प्रोग्राममध्ये कॉम पोर्टचा (विंडोजने अडॅप्टरला दिलेल्या सिरियल पोर्टचा) क्रमांक कायमचा लिहू नये, कारण अडॅप्टर दुसऱ्या खाचेत लावल्यावर तो बदलू शकतो. चिपमध्ये अनुक्रमांक साठवलेला असल्यास त्यावरूनच अडॅप्टर ओळखावा. लिनक्सवर पोर्ट उघडण्याची परवानगी नाकारली गेली, तर डेबियन आणि उबंटूमध्ये वापरकर्त्याला बहुधा डायलआउट गटात घालावे लागते.

रिले (विजेने चालणारा स्विच) जोडणाऱ्यांनी पुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. प्रोग्राम अडकला तरी पिन शेवटच्या स्थितीत तशाच राहतात. शिवाय केबल लावताना काही चिपच्या पिन आतील पुल-अपमुळे (पिन वरच्या पातळीकडे ओढणाऱ्या रोधकामुळे) क्षणभर वरच्या पातळीवर असतात, त्यामुळे कोणी बटण न दाबताही रिले ओढला जाऊ शकतो. यासाठी बाहेरून पिन खालच्या पातळीवर ठेवणारा पुल-डाउन रोधक लावावा, ठरावीक वेळेत संगणकाचा संदेश न आल्यास रिले सोडणारे वॉचडॉग सर्किट ठेवावे आणि आपत्कालीन थांबा सॉफ्टवेअरवर न सोपवता थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा वीजपुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) वायरिंगमध्येच घ्यावा.

यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी. मोठ्या मोटरीजवळ जोडणी वारंवार तुटत असल्यास यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणारा भाग) लावावा. अंतर जास्त असल्यास आरएस-४८५ ही लांब अंतराची सिरियल जोडणी हाच योग्य मार्ग आहे, कारण कमी वेगात ते १२०० मीटरपर्यंत चालते.

दुरुस्तीसाठी अडॅप्टर आणताना सोबत वायरिंगचा आराखडा, ड्रायव्हरची आवृत्ती आणि शक्य असल्यास प्रोग्रामचा पोर्ट उघडणारा भाग आणावा.