शहरी शाळांचे गणितातील गुण आणि उपगटांचे समावेशन

परीक्षेला कोणाला बसवले आणि कोणाला वगळले, यामुळे शहराच्या सरासरी गुणांच्या चढउतारात पडणारा फरक. अमेरिकेत तो ‘नॅशनल असेसमेंट ऑफ एज्युकेशनल प्रोग्रेस’ या नमुना-चाचणीत ठळकपणे दिसतो. मोठ्या शहरांच्या शाळा-जिल्ह्यांचे (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांचे) स्वतंत्र मोजमाप करणारी तिची शाखा ‘टुडा’ २००२ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये बॉस्टन, शिकागो, न्यूयॉर्क यांसह दहा जिल्ह्यांत चौथी व आठवीचे गणित ० ते ५०० या मापावर तपासले गेले.

प्रश्न मुख्यतः दोन उपगटांचा असतो : दिव्यांग विद्यार्थी आणि अजून इंग्रजी शिकत असलेले विद्यार्थी. शहरांत, विशेषतः स्थलांतरितांच्या वस्त्यांत, दुसऱ्या गटाची संख्या मोठी. समजा, शंभर मुलांपैकी वीस जण इंग्रजी शिकणारे, त्यांची सरासरी २१०. उरलेल्या ऐंशींची २४०. शहराची सरासरी २३४. त्या विसांतले आठ वगळले, तर (त्यांचीही सरासरी २१० धरून) ती २३६ होते. एकाही मुलाचे गणित न सुधारता! उलटही घडते. दोन्ही गटांचे गुण तीन-तीनने वाढले, पण शंभरांत इंग्रजी शिकणारे विसांचे चाळीस झाले, तर सरासरी २३१ वर येते. वर्तमानपत्रात मात्र ‘घसरण’ एवढेच छापून येते.

गणितात वगळणूक वाचनापेक्षा आटोक्यात राहते. गणिताचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवता येतो, स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिक पुस्तिकाही देता येते. वाचनाच्या चाचणीत उताराच वाचून दाखवला, तर तपासायचे काय? चाचणीच्या नियामक मंडळाने २०१० मध्ये उद्दिष्ट ठरवले : निवडलेल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी ९५ टक्के आणि या दोन उपगटांतील ८५ टक्के परीक्षेला बसावेत.

केवळ उपगटाचा आकडा पाहूनही भागत नाही. इंग्रजी नीट येऊ लागलेले मूल त्या गटातून बाहेर पडते आणि त्याची जागा नवागत घेतो, त्यामुळे गटाची सरासरी जागच्या जागी दिसते.

व्याख्या बदलली तरी तोच घोळ. जिल्ह्याच्या अधिकृत अहवालात न धरल्या जाणाऱ्या चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वायत्तपणे चालणाऱ्या) २००९ पासून ‘टुडा’तून वगळण्यात आल्या. म्हणून वॉशिंग्टन शहराचे २००७ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवताना आधी तळटीप वाचावी लागते.