सुईला जोडलेली वीज आणि मधुमेहींचे पाय

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळपायांची आग होऊ लागते, मुंग्या येतात, रात्री सुया टोचल्यासारखे वाटते. मज्जातंतूंच्या या वेदनेवरील प्रीगाबॅलिन, ड्युलोक्झेटिन यांसारखी औषधे सर्वांना पुरेशी लागू पडत नाहीत आणि काहींना त्यांनी गुंगी किंवा चक्कर येते. त्यामुळे खऱ्याखुऱ्या सुया टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडण्याच्या उपचाराकडे, म्हणजेच इलेक्ट्रोअॅक्युपंक्चरकडे, संशोधक वळले.

हा उपचार प्राचीन चिनी आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. सुई चीनची असली, तरी तिला वीज जोडण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये सार्लांदिएर या डॉक्टरांनी केला आणि १८२५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चीनमध्ये ही जोड रुळली ती १९५० च्या दशकानंतर, शस्त्रक्रियेच्या वेळी सुयांनी वेदना दडपण्याचे प्रयोग सुरू झाले तेव्हा.

विजेमुळे सुया सतत हाताने फिरवण्याचे श्रम वाचले, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपचार मोजता येऊ लागला. हाताने सुई किती फिरवली हे नोंदवणे अवघड. प्रवाहाची वारंवारता मात्र नेमकी सांगता येते. बीजिंगचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान जिशेंग यांनी १९६५ पासून चालवलेल्या संशोधनातून असे दिसले की, २ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला दोन स्पंदने असलेल्या) प्रवाहाने एन्केफॅलिन व बीटा-एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्झच्या प्रवाहाने डायनॉर्फिन ही शरीरातलीच वेदनाशामक द्रव्ये स्रवतात.

मधुमेहींवरचा पुरावा मात्र उशिरा आला. मँचेस्टरच्या १९९८ मधील अभ्यासात साध्या, वीज न जोडलेल्या अॅक्युपंक्चरने बहुतेक रुग्णांना आराम पडला, परंतु रुग्ण जेमतेम ४६ होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दक्षिण कोरियातील १२६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत एका गटाला आठ आठवड्यांत सोळा वेळा, कमी आणि जास्त अशा दोन्ही वारंवारतांचा प्रवाह देण्यात आला. त्या गटाची वेदना सुमारे २० टक्क्यांनी, तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांची सुमारे ९ टक्क्यांनी घटली. फरक खरा आहे, पण माफक आहे. शिवाय दुसऱ्या गटाला नकली सुया लावलेल्या नव्हत्या, त्यामुळे या फरकातला किती वाटा विजेचा आणि किती उपचार मिळत असल्याच्या भावनेचा, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही.