बैठक, भारतीय
बैठक, भारतीय : मैफलीत श्रोत्यांनी सतरंजी, जाजम किंवा गादीवर मांडी घालून बसण्याची व्यवस्था. पुण्यात हे तिकिटाच्या एका वर्गाचेही नाव आहे. सोफा, खुर्ची आणि भारतीय बैठक अशा उतरत्या दरांत ते शेवटी येते.

नाव : ‘बैठक’ या शब्दाला संगीतात तीन अर्थ आहेत : बसण्याची जागा, बसण्याची ढब आणि खुद्द मैफल. ‘जलसा’ हा शब्दही ‘बसणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आला आहे. म्हणजे गाणे ऐकणे आणि बसणे यांची सांगड दोन्ही परंपरांत जुनीच. लावणीचे बैठकीची आणि फडाची असे जे दोन प्रकार पडतात, त्यांतही श्रोता कोठे व कसा जमला आहे याचा संबंध आहे. बैठकीची लावणी दिवाणखान्यातल्या मोजक्या, लोडाला टेकलेल्या रसिकांसाठी, बसून अदाकारी करत सादर होते. फडाच्या लावणीपुढे उघड्यावरची गर्दी असते.

‘भारतीय’ हे विशेषण मात्र उशिराचे दिसते. सगळेच जमिनीवर बसत होते तोवर बैठकीला विशेषणाची गरज नव्हती. खुर्ची आल्यावर ती भासली. पुण्याच्या मैफलीत खुर्ची नेमकी कधी शिरली याबद्दल दोन तर्क संभवतात. एक तर्क 1874 मध्ये स्थापन झालेल्या पूना गायन समाजाकडे जातो. सुशिक्षित वर्गाला गाण्याकडे वळवण्याच्या त्या खटाटोपात सभेची शिस्त आली, आणि सभेबरोबर खुर्ची आली असावी. दुसरा तर्क नाटकगृहाचा. 31 ऑक्टोबर 1880 रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्या दशकांत तिकीट काढून, ठरलेल्या जागेवर बसून गाणे ऐकण्याची सवय नाट्यसंगीताने मध्यमवर्गाला लावली. दुसरा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो, कारण ‘भारतीय बैठक’ ही शब्दजोडी मुळात दरपत्रकाची भाषा आहे, सभेच्या इतिवृत्ताची नव्हे.

मांडणी : खासगी बैठकीत गवई आणि श्रोता एकाच पातळीवर असतात. मंच उंच झाला की हिशेब बदलतो. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर, खुर्चीवरच्याचे सुमारे चार फुटांवर असतात. म्हणून बैठक पुढे आणि खुर्च्या मागे किंवा कडेला, ही मांडणी दोघांनाही सोयीची. निमंत्रितांचे सोफे सर्वांत पुढे आले की बैठकीतल्या श्रोत्याला गायकाऐवजी पाठी दिसतात. दर कमी असण्याचे हेही एक कारण धरायला हरकत नाही. उलट अगदी मंचाखाली बसणाऱ्याची मान तासाभरात अवघडते आणि तबल्याचा हात दिसायचा तो दिसतच नाही. सपाट जमिनीवरच्या गर्दीच्या डोक्यांवरून घासत जाणारा आवाज मागे पोचेपर्यंत क्षीण होतो, त्यामुळे मोठ्या मांडवात स्पीकर उंच टांगावे लागतात व मध्ये ठरावीक अंतरावर पुन्हा उभारावे लागतात. बंद नाट्यगृहात उतरती जमीन हे काम करते. 26 जून 1968 रोजी सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरात 989 आसने आहेत.

सवाई गंधर्व महोत्सव : भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर) यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला हा महोत्सव भारतीय बैठकीचे सर्वांत मोठे उदाहरण होय. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. अनेक वर्षे तो रमणबागेच्या पटांगणावर होई. पुढे मुकुंदनगरला गेला. डिसेंबरात रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. रात्रभर चालणाऱ्या जुन्या ‘सवाई’त कानटोपी, शाल आणि थर्मास घेऊन आलेली माणसे दोन गायकांच्या मध्ये तिथेच आडवी होत आणि तंबोरे जुळू लागले की उठून बसत. घडी घातलेली शाल टाकून जागा धरणे, चपला पिशवीत घालून ती गुडघ्याखाली घेणे, टेकायला मांडवाचा खांब मिळावा म्हणून लवकर येणे, ही तिथली रीत. मंचाकडे पाय पसरून बसणे मात्र अशिष्ट. पायाला मुंग्या आल्या तरी माणूस कूस बदलतो, पाय सोडत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आली. 2002 च्या दुरुस्तीने राज्याला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे रात्रीची मैफल दुपार-संध्याकाळच्या सत्रांत विभागली गेली. बैठकीला यातून दुपारच्या उन्हाने तापलेला मांडव मिळाला, आणि रात्रीचे राग ऐकण्याची वेळ आक्रसली. श्रोत्यांचे वय वाढले, गुडघे बोलू लागले, तसतशी खुर्च्यांची मागणीही वाढत गेली.

इतर प्रकार : दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत, विशेषतः सारसबागेत, श्रोते दवाने ओल्या हिरवळीवर बसतात, सतरंजीखाली प्लॅस्टिक अंथरणे शहाणपणाचे. रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमांत श्रोता उभाच असतो. 2010 मध्ये पुण्यातच सुरू झालेला एनएच7 वीकेंडर हा त्याचा परिचित नमुना. तिथे त्रास पायांना आणि कानांना; जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मानकानुसार अशा ठिकाणी 15 मिनिटांची सरासरी ध्वनिपातळी 100 डेसिबलांपेक्षा अधिक असू नये.