जुन्या हॉलमधला ऑर्केस्ट्रा इतका भारी का वाटतो?

परवा शंभरी कधीच ओलांडलेल्या एका थिएटरमध्ये ऑर्केस्ट्रा ऐकला, अजून डोक्यातून जात नाहीये. मध्यंतरात शेजारचे काका म्हणाले, "लाकूड मुरलंय हो, म्हणून आवाज असा गोड येतो." हे बऱ्याच जणांकडून ऐकलंय, कुणी लाकूड सांगतं, कुणी सोन्याचा मुलामा. खरी गोम बऱ्याचदा भिंती आपल्यापासून किती दूर आहेत यात असते, आणि मला ती मुरलेल्या लाकडापेक्षा कितीतरी भारी वाटते.

व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या संगीतभवनातला गोल्डन हॉल घ्या. १८७० साली उघडला, आर्किटेक्ट थिओफिल हान्सेन. साधारण ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद, १८ मीटर उंच, म्हणजे चक्क बुटांचा खोका, असल्या हॉलला 'शू-बॉक्स'च म्हणतात.

आता तुम्ही मधोमध बसलायत आणि समोर २० मीटरवर व्हायोलिन वाजतंय. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सरळ येणारा २० मीटर चालतो, बाजूच्या भिंतीवर आपटून येणारा जवळजवळ साडेसत्तावीस (पायथागोरस लावून बघा), म्हणजे तो २२ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या कमी उशिराने आलेला आवाज मेंदू वेगळा धरतच नाही, पहिल्यातच मिसळून टाकतो आणि दिशा पहिल्याचीच मानतो, त्यामुळे प्रतिध्वनी ऐकू न येता व्हायोलिन फक्त भरदार होतं.

पण खरी मजा पुढे आहे. छतावरून येणारा आवाज दोन्ही कानांना अगदी सारखा पोचतो, बाजूने येणारा मात्र एका कानाला आधी आणि दुसऱ्याला डोक्याला वळसा घालून किंचित नंतर आणि थोडा बदलून. दोन कानांतला हा फरक मेंदूला सांगतो की आवाज पसरलेला आहे, तू त्याच्या आत बसलायस. गोल्डन हॉलमध्ये छताचं परावर्तन येतं ५५ मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे बाजूच्या भिंती सहज जिंकतात. हाच हॉल दुप्पट रुंद केला तर बाजूचा आवाज ६७ मिलिसेकंदांवर जातो, छत आधी बोलतं, आणि तेच वादक, तेच व्हायोलिन असूनही संगीत समोरच्या चौकटीतून आल्यासारखं वाटतं, आपण बाहेरचे. १९६७ मध्ये ध्वनिशास्त्रज्ञ हॅरोल्ड मार्शल यांनी बाजूच्या परावर्तनाचं हे महत्त्व मांडलं, म्हणजे हान्सेनने हॉल बांधला तेव्हा हे कुणाला माहीतच नव्हतं!

दुसरी गोष्ट निनाद, शाळेत शिकलोय तोच. आवाज थांबल्यावर त्याची तीव्रता दहा लाखाव्या भागावर यायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाळ. हे पहिल्यांदा नीट मोजलं हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ मध्ये त्यांना एक लेक्चर हॉल सुधारायला सांगितला, तिथे शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. मग हा माणूस रात्री सगळं शांत झालं की शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा आणायचा, ऑर्गनचा पाइप वाजवायचा, घड्याळ लावायचा, आणि सकाळच्या आत उशा परत. त्यातून सूत्र निघालं: निनादकाळ = ०.१६१ × हॉलचं घनफळ भागिले एकूण शोषण. शोषण म्हणजे भिंती, पडदे आणि मुख्य म्हणजे आपण, प्रेक्षक! भरलेल्या गोल्डन हॉलमध्ये हा काळ साधारण २ सेकंद, जुन्या ऑपेरा थिएटरांत बऱ्याचदा सव्वाच्या आसपास, कारण तिथे गाण्यातले शब्द कळायला हवेत.

तेव्हा हॉल सुधारायला आडव्या तारा ताणायची पद्धत होती. उपयोग शून्य, हे सॅबिननीच लिहून ठेवलंय. आजच्या तारा म्हणजे ४३२ हर्ट्झचं खूळ. कार्यक्रमाआधी ओबो (फुंकून वाजवायचं एक वाद्य) बाकीच्यांना जुळवून घ्यायला जो सूर देतो तो हल्ली साधारण ४४० हर्ट्झचा, आणि ४३२ ला लावला तर म्हणे विश्वाशी जुळतो, आजार बरे होतात. अहो, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलाय, विश्वाला ४३२ चं काय कौतुक? फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ चा नियम केला होता, तेव्हाही संगीत छानच होतं.

बाकी मी आधी खोल बाल्कनीच्या खाली बसलो होतो, आवाज दबलेला येत होता कारण छतावरून आणि वरच्या भिंतींवरून येणारं बरंचसं बाल्कनीच अडवत होती. मध्यंतरानंतर वर एक रिकामी खुर्ची मिळाली आणि शेवटच्या जोरदार सुरानंतर टाळ्या पडायच्या आधी तो सूर डावी-उजवीकडे हळूहळू विरताना स्पष्ट ऐकला.