सेंट अर्मिन्स: हॉटेलातला बार आणि १९४० चा निर्णय

लंडनच्या कॅक्स्टन स्ट्रीटवरचं, दुसऱ्या महायुद्धातल्या हेरांमुळे गाजलेलं सेंट अर्मिन्स हे हॉटेल मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहत्या फ्लॅट्सची इमारत म्हणून बांधलं गेलं. संसद इतकी जवळ, की खासदारांना मतदानासाठी बोलावणारी घंटा हॉटेलातही बसवलेली आहे. परदेशी हेरगिरी पाहणाऱ्या ब्रिटिश सेवेचं, म्हणजे एमआय६चं, मुख्यालय ५४ ब्रॉडवेला, म्हणजे वळणापलीकडेच होतं. हेर इथे आले ते मुख्यतः याच सोयीमुळे.

१९३८ मध्ये त्या सेवेनं घातपात आणि छुप्या प्रचारासाठी एक शाखा काढली. तिची कचेरी हॉटेलाला लागून होती. पुढे ती हॉटेलाच्या खोल्यांतही पसरली.

या शाखेवरून पेटलेला खरा वाद १९४० च्या उन्हाळ्यातला. फ्रान्स पडला होता आणि घातपाताचं काम तीन ठिकाणी चाललं होतं: ही शाखा, युद्धखात्यातला एक छोटा विभाग आणि परराष्ट्र खात्याचा प्रचार विभाग. २२ जुलैला युद्ध मंत्रिमंडळानं तिन्ही एकत्र करून एसओई (स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह) या नव्या संघटनेला मान्यता दिली. ती सैन्याकडे न देता आर्थिक युद्ध खात्याच्या मजूर पक्षीय मंत्र्याकडे, ह्यू डाल्टनकडे, सोपवली. संप, कामगारांचा असहकार, अफवा ही कामं गणवेशातल्या माणसांची नव्हेत, असं त्याचं म्हणणं होतं. मूळ सेवेला हे रुचलं नाही. माहिती गोळा करणाऱ्याला शांतता हवी असते. त्याच गावातला पूल कोणी उडवला की झडत्या सुरू होतात आणि वर्षभर जपलेला खबऱ्या हातचा जातो. हा आक्षेप खोटा नव्हता, पण त्यात आपली शाखा गेल्याचा रागही पुरेपूर होता. विमानं कोणाला आधी, बिनतारी यंत्रणा कोणाच्या ताब्यात, यावरून पुढे दोघांची सतत जुंपली. नव्या संघटनेला स्वतःची संदेशयंत्रणा मिळायला १९४२ उजाडलं. त्याच वर्षी जर्मनांनी हॉलंडमध्ये उतरलेले तिचे हस्तक पकडून त्यांच्याच यंत्रांवरून लंडनला खोटे संदेश पाठवायला सुरुवात केली आणि पन्नासहून अधिक माणसं सापळ्यात गेली. टीकाकार याचं खापर १९४० च्या निर्णयावर फोडतात. ते पटत नाही. हस्तक मोकळा आहे हे कळावं म्हणून संदेशात घालायची ठरलेली सुरक्षा खूण नाही, हे लंडनला दिसत होतं. त्याकडे काणाडोळा झाला, आणि तो कोणत्याही मंत्र्याच्या हाताखाली झाला असता.

संघटना १९४० च्या शरदातच बेकर स्ट्रीटला हलली. म्हणजे हॉटेलाशी तिचा थेट संबंध काही महिन्यांचा. तिची शाखा मात्र भारतातही आली, मेरठला. मार्च १९४३ मध्ये तिनं तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातल्या मुरगाव बंदरात छापा घातला. तिथे अडकून पडलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा समज होता. छाप्यासाठी कलकत्त्याच्या हौशी घोडदळ पलटणीतले व्यापारी आणि नोकरदार निवडले. पकडले गेलेच तर सरकारला हात झटकता यावेत म्हणून. जर्मन खलाशांनी स्वतःच जहाज बुडवलं. ही हकीकत १९७८ पर्यंत जाहीर झाली नाही. गोव्यात आजही या छाप्याबद्दल माहिती असणारे थोडेच.

हॉटेलाची आजची प्रसिद्धी मात्र वेगळ्याच दोघांमुळे आहे. केंब्रिजमध्ये शिकलेला, सोव्हिएत संघासाठी काम करणारा गाय बर्जेस १९३८ च्या त्या घातपाताच्या शाखेत आधीच होता. १९४० मध्ये त्यानं आपल्या मित्रालाही, किम फिल्बीला, आत आणलं. मित्राची पहिली मुलाखत याच हॉटेलात झाली. हाच मित्र १९४४ मध्ये मूळ सेवेच्या सोव्हिएतविरोधी विभागाचा प्रमुख झाला, पुढे वॉशिंग्टनला गेला. पहिला १९५१ मध्ये मॉस्कोला पळाला, दुसरा जानेवारी १९६३ मध्ये बैरूतहून गायब झाला. बारमध्ये बसून पहिला रशियनांना कागद देत असे, ही गोष्ट पाहुण्यांना हमखास ऐकवली जाते. ती दंतकथा समजूनच ऐकावी. घराजवळच्या, ओळखीच्या साहेबांनी भरलेल्या बारमध्ये हा व्यवहार कोणी का करेल?

युद्ध संपल्यावर मूळ सेवेनं हिशेब चुकता केला. जानेवारी १९४६ मध्ये नवी संघटना बरखास्त झाली आणि तिची थोडी माणसं जुन्या सेवेत सामावली गेली. त्याच वर्षी बेकर स्ट्रीटच्या कचेरीला लागलेल्या आगीत बरीच दप्तरं गेली. उरलेले कागद १९९३ पासून टप्प्याटप्प्यानं खुले झाले.