परळीची राख आणि ढिले होत गेलेले नियम

मराठवाड्यात दगडी कोळशाची एकही खाण नाही. कोळसा येतो विदर्भातून, तेलंगणातून, मालगाड्या भरून, आणि जळतो परळी वैजनाथला. इथलं ‘थर्मल’, म्हणजे औष्णिक वीजकेंद्र, १९७१ साली ३० मेगावॅटच्या छोट्या संचांनी सुरू झालं. ते संच कधीच मोडीत निघाले. आता २५० मेगावॅटचे तीन आहेत. आपल्या देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख असते. त्यामुळे कोळशाचा नियम दिल्लीत सैल झाला, तरी त्याची राख दाऊतपूरच्या तळ्यात साचते आणि हायवा टिपरमधून सांडत गावोगाव जाते.

नियमनात महाराष्ट्र एके काळी पुढे होता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. राज्याने त्याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापलं. हवेचा कायदा १९८१ मध्ये आला. त्यात मंडळाच्या संमतीशिवाय कारखाना चालवणाऱ्याला किमान दीड वर्षाची कैद होती. किती जण आत गेले हा प्रश्न वेगळा, पण धाक कागदावर तरी होता. जनविश्वास कायद्याने तोही काढला: १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड. मोठ्या वीजकेंद्राच्या ताळेबंदात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

राखेची कहाणी तर मुदतवाढीचीच. १९९९ च्या अधिसूचनेने वीटभट्ट्यांना राख वापरायला लावली, तेही वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत. पुढे हे अंतर १०० झालं, मग ३००. शंभर टक्के राख वापरण्याची तारीख आधी २०१४ पर्यंत गेली, नंतर २०१७ अखेरपर्यंत. डिसेंबर २०२१ मध्ये नवी अधिसूचना निघाली आणि तीन ते पाच वर्षांचं नवं चक्र सुरू झालं. जुन्या साठ्याला वेगळी दहा वर्षं. वापराविना राहिलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये भरपाई आहे, ही त्यातली चांगली गोष्ट. पण राख तळ्यातून उचलली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. ती झाकून नेली का, कुठे टाकली, हे बघणारा माणूस रस्त्यावर लागतो.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांच्या धूर आणि पाणी दोन्हींसाठी कडक मर्यादा घातल्या. जुन्या केंद्रांना एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरता येणार नाही, असं ठरलं. त्याच वर्षी पाण्याअभावी परळीचे संच बंद पडले होते, म्हणून हा आकडा इथल्या माणसाला वेगळाच लागतो. धुराच्या मर्यादा मात्र टिकल्या नाहीत. २००४ ते २०१६ मधल्या संचांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २०२० मध्ये ३०० वरून ४५० मिलिग्रॅम झाली. गंधकवायू रोखणारी यंत्रणा बसवायची मुदत पुन्हा पुन्हा पुढे सरकली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. अट एवढीच की केंद्र दहा लाखांच्या शहराजवळ किंवा घोषित प्रदूषित भागाजवळ नसावं आणि चिमणी निकषाइतकी उंच असावी. म्हणजे परळीसारख्या तालुक्याच्या गावाजवळची हवा वेगळ्या मापाने मोजायची.

देशी कोळशात गंधक कमी असतं, हा सुटीमागचा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण राख जास्त असते, हेही तितकंच खरं, आणि त्यावरचा उपाय आधीच काढून टाकला गेला होता. खाणीपासून ५०० किलोमीटरहून दूरच्या केंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा जाळता येत नव्हता, त्यासाठी तो धुवावा लागे. विदर्भाच्या खाणी परळीहून तेवढ्या लांब नाहीत, त्यामुळे ती अट तशीही इथवर पोचत नव्हती. खरं तर ती जवळच्या केंद्रांनाही लावायला हवी होती. धुलाई केंद्रंही निर्मळ नसतात, त्यांच्या काळ्या पाण्यावर वेगळी देखरेख लागते. २१ मे २०२० ला, देश टाळेबंदीत असताना, ३४ टक्क्यांची ती अटच रद्द झाली.